घरट्यावरची डहाळी

शास्त्रभाग : अनुवाद २२:६-७, मत्तय १०:२९-३१, मत्तय २३:३७



मे महिना उजाडला की आपल्या मंडळीतील निम्म्या घरांना कुलपे दिसू लागतात. कोणी आजोळी जातो, कोणी कोकणात, कोणी थंड हवेच्या ठिकाणी. पूर्वी प्रवासाच्या सामानात वळकटी आणि पाण्याची सुरई असे. आज त्यांची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. त्यातही रानपाखरांची छायाचित्रे घेण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना जडला आहे. तरुणांना तो आहे, तसा माझ्यासारख्या सेवानिवृत्त पाळकालाही आहे. या छंदात मुळात गैर काही नाही. आकाशातील पाखरांकडे पाहावयास प्रभूनेच आपल्याला सांगितले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आला आहे, तो जाता जाता नजर टाकण्याचा नव्हे. दृष्टी स्थिर करून, निरखून पाहण्याचा आहे. जो मनुष्य झुडुपाआड तासभर बसून एका पाखराची वाट पाहतो, तो कळत नकळत प्रभूची आज्ञाच पाळीत असतो.

परंतु किती जवळून पाहावयाचे, त्याची किंमत काय, आणि ती किंमत कोणी द्यावयाची, हे प्रश्न मी स्वतःला कधी विचारले नव्हते. ते मला जबलपूर येथे विचारले गेले. उत्तर देण्यास मला उशीर झाला. म्हणून आज उपदेश करण्यापूर्वी मला कबुली द्यावयाची आहे.

जबलपूर आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस परके नाही. तेथील लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकून आलेल्या सेवकांची प्रवचने आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. आणि रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी व सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली. माझी थोरली बहीण त्यांपैकीच एका घरात नांदावयास गेली. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले आणि शहराच्या कडेला त्यांनी लहानसे घर बांधले. घरामागे दोन आंब्याची झाडे, बांबूचे एक बेट, आणि त्यापलीकडे एक नाला. उन्हाळ्यातही त्या नाल्याच्या एका डोहात थोडे पाणी टिकून असे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी ताईकडे पंधरा दिवस राहावयास गेलो. मुलाने मला लांब पल्ल्याच्या भिंगाचा नवा कॅमेरा घेऊन दिला होता आणि तो कोठे वापरू असे मला झाले होते. पहिले दोन दिवस आम्ही भेडाघाटला गेलो. नर्मदेच्या दोन्ही काठांवरचे ते संगमरवरी कडे, धुवाँधारचा तो तुषारांचा धूर, हे सारे मी टिपले. पण ती छायाचित्रे कोणीही काढतो. मला हवे होते पाखरू, आणि तेही अगदी जवळून.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला ताईच्याच परसात सापडले. बांबूच्या बेटाशेजारी एका लहान झाडाच्या बेचक्यात, माझ्या डोक्याहून हातभर उंचीवर, एक घरटे होते. गवताचे तंतू आणि काड्या यांची सुबक वाटी, बाहेरून कोळिष्टकांनी लिंपलेली. आणि त्या वाटीत बसला होता स्वर्गीय नर्तक. हिंदीत त्याला दूधराज म्हणतात. मध्य प्रदेशाचा तो राज्यपक्षी. नराचे डोके काळेभोर व तुरेदार, अंग दुधासारखे पांढरे, आणि शेपटीची दोन लांबलचक पिसे रेशमी फितींसारखी. मादी तांबूस, लांब पिसांवाचून असते. या पाखरांत नर व मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवितात. तो नर घरट्यात बसला होता आणि त्याच्या शेपटीच्या फिती घरट्याबाहेर खाली लोंबत होत्या. खाली तीन अंडी होती, फिकट गुलाबी, तांबूस ठिपक्यांची.

असे दृश्य आयुष्यात एकदाच दिसते. परंतु माझ्या कॅमेऱ्याच्या आणि त्या पाखराच्या मध्ये एक डहाळी आली होती. सातआठ पानांची एक साधी डहाळी. तिच्यामुळे छायाचित्रात डोके दिसे तर शेपटी दिसत नसे. मी इकडून पाहिले, तिकडून पाहिले. शेवटी खिशातील चाकू काढला आणि ती डहाळी कापून टाकली. पाखरू क्षणभर उडाले, जवळच्या फांदीवर बसून ओरडले, आणि थोड्या वेळाने पुन्हा घरट्यात येऊन बसले. मला वाटले, याने मला स्वीकारले. माझी त्याची ओळख झाली.

ताई मागच्या दारात उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, "अरे, बाळंतिणीच्या खोलीचा पडदा कोणी ओढतो का?"

मी हसलो. म्हणालो, "ताई, पाखरांना कसला पडदा? आणि मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

ती आणखी काही बोलली नाही. मोठ्या बहिणी एकदाच सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेथे बसलो. जबलपूरचा मे महिना. पारा चाळीसच्या वर गेलेला. दुपारी बाराच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. पाखरू अंड्यांवर बसण्याऐवजी घरट्याच्या काठावर उभे राहिले. त्याने दोन्ही पंख अर्धवट पसरले, चोच उघडली, आणि ते तसेच निश्चल उभे राहिले. पांढऱ्या पंखांतून ऊन आरपार चमकत होते. मी भराभर छायाचित्रे घेतली. मनात देवाची स्तुती केली. असे सौंदर्य त्याने माझ्यासमोर उघडे केले, असे मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. एक टकाचोर शेजारच्या आंब्यावर बसला होता. नर व मादी दोघेही बांबूच्या बेटावरून येरझारा घालीत होती आणि ओरडत होती. मला वाईट वाटले. पण निसर्गात असे चालायचेच, अशी मी मनाची समजूत घातली आणि सुट्टी संपल्यावर घरी परतलो.

पंख पसरलेल्या त्या पाखराचे छायाचित्र मी मोठे करून घेतले, चौकटीत बसविले, आणि मंडळीच्या सभागृहात लावले. त्याखाली एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या चौथ्या वचनाचा निर्देश सुरेख अक्षरांत लिहवून घेतला. देव आपल्याला आपल्या पंखांखाली आश्रय देतो, असे सांगणारे ते वचन. ज्याने त्याने कौतुक केले. एका भगिनीने तर ते पाहून आपल्याला आजारपणात धीर आला असे सांगितले. मीही ते कौतुक घेत राहिलो.

मग एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतील एक तरुण शिक्षक त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याला पाखरांचा अभ्यास आहे. तो हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, रागावू नका, पण घरट्यावर ऊन कोठून येत होते?"

मी म्हणालो, "समोरून. का बरे?"

तो म्हणाला, "हे पाखरू घरटे सावलीत बांधते. वरची पाने पाहूनच ते जागा निवडते. ते पंख पसरून उभे आहे ते आनंदाने नव्हे. ते अंड्यांवर सावली धरून उभे आहे. चोच उघडी आहे ती उष्म्याने. ते धापा टाकीत आहे. कडक उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात निकामी होतात."

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला ती डहाळी आठवली. सातआठ पानांची साधी डहाळी. ती त्या घराचे छप्पर होती, आणि तीच त्या घराचे दारही होती. ती कापल्यामुळे ऊन आत आले. ती कापल्यामुळेच टकाचोराला घरटे दिसले. अंडी उन्हाने गेली की टकाचोराने नेली, हे देव जाणे. दोघांनाही वाट मीच करून दिली होती. आणि त्या बापड्या जिवाची तडफड मी चौकटीत बसवून, खाली शास्त्रवचन लिहून, देवाच्या घरात टांगली होती.

त्या संध्याकाळी मी ते चित्र उतरविले, आणि मोशेच्या नियमशास्त्रातील ते दोन लहान श्लोक उघडले, जे मी पूर्वी अनेकदा वाचून पुढे गेलो होतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांस सांगतो की, वाटेने जाताना झाडावर किंवा जमिनीवर एखादे घरटे आढळले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर आईला पिलांसह धरू नये. आईला सोडून द्यावे. त्या काळी गरीब माणसाला अंडी व पिले हे अन्न होते, म्हणून ते घेण्याची मोकळीक त्याला आहे. पण आईला धरण्याची मोकळीक नाही. असे का? एरवी रानातले पाखरू हाती लागणे कठीण. फासा लावावा लागतो, जाळे पसरावे लागते. घरट्यावर बसलेली आई मात्र सहज हाती लागते, कारण ती उडून जात नाही. तिला उडता येत नाही असे नव्हे. पिलांवरचे प्रेम तिला उडू देत नाही. तिला तेथे धरणे म्हणजे तिच्या प्रेमालाच फासा करणे होय. देवाने मनाई केली ती या गोष्टीला. ज्या जिवाला प्रेमाने एका जागी बांधून ठेवले आहे, त्याच्या त्या बांधलेपणाचा लाभ घेऊ नका, असे तो सांगतो.

आता माझ्या त्या सकाळीकडे पाहा. पाखरू उडाले आणि परत येऊन बसले, तेव्हा मी म्हणालो की त्याने मला स्वीकारले. ते मुळीच खरे नव्हते. इतर कोठेही असते तर माझी चाहूल लागताच ते दिसेनासे झाले असते. ते परतले कारण त्याची तीन अंडी तेथे होती. ज्याला मी ओळख समजलो ती त्याची अगतिकता होती. मला इतके जवळून छायाचित्र मिळाले ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे. एका बापाला आपली लेकरे सोडवेनात म्हणून.

या आज्ञेला मोशेने एक अभिवचन जोडले आहे : तुझे कल्याण व्हावे आणि तू दीर्घायू व्हावे. हेच अभिवचन आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडलेले आहे. यहूदी धर्मशिक्षकांना हे फार पूर्वी जाणवले होते. दहा आज्ञांतील त्या वजनदार आज्ञेला आणि रस्त्यावर दिसलेल्या घरट्याविषयीच्या या हलक्याशा आज्ञेला देवाने एकच प्रतिफळ ठेवले, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला. कोणती आज्ञा लहान व कोणती मोठी हे आपण ठरवू नये, असा बोध त्यांनी त्यातून घेतला. मला त्यात आणखी एक धागा दिसतो. दोन्ही आज्ञा आईबापपणाविषयी आहेत. घरातल्या आईचा मान राख, आणि झाडावरच्या आईचाही राख.

आणि लक्षात घ्या, गरिबाला निदान भूक होती. मला कसली भूक होती? कौतुकाची. ज्याला अन्न हवे त्यालाही देवाने मर्यादा घातली. मग ज्याला केवळ चित्र हवे त्याला मर्यादा नको काय?

पाखरांच्या छायाचित्रणाच्या इतिहासात दोन वाटा दिसतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोन भावांनी १८९२ साली पाखराच्या घरट्याचे, अंड्यांसह, छायाचित्र घेतले. या कलेच्या अगदी आरंभीच्या दिवसांतील ते छायाचित्र होय. पुढे पाखरे बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करविला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते तासन्‌तास उभे राहत. लोकांना ते हास्यास्पद वाटले असेल. पण त्यातील तत्त्व पाहा. पाखराला उघडे करावयाचे नाही, स्वतःला झाकून घ्यावयाचे. मी नेमके उलट केले. मी स्वतः समोर उघडा बसलो आणि त्याचा आडोसा काढून घेतला.

दुसरा इंग्लिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग. १९३७ साली वेल्समध्ये तो एका घुबडाच्या घरट्याजवळ काम करीत होता. रात्रीच्या अंधारात त्या घुबडाने पिलांच्या रक्षणासाठी त्याच्या तोंडावर झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. हे वाचले की अंगावर शहारा येतो. परंतु माझ्या मनात दुसराच विचार येतो. घुबडाजवळ नखे होती, म्हणून त्याचे दुःख माणसाला कळले. स्वर्गीय नर्तकाजवळ काय होते? दोन पंख आणि एक उघडी चोच. ज्यांना नखे नाहीत त्यांचे दुःख आपल्याला सौंदर्य वाटते.

आपल्या देशातील थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली (१८९६-१९८७) यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. मुंबईत लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे गेले, आणि त्या एका पडलेल्या चिमणीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे चिमणीचे पडणे. या शब्दांचे मूळ शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात आहे, आणि शेक्सपिअरच्या मनात होता मत्तयाचा दहावा अध्याय. पित्याच्या जाणिवेवाचून एकही चिमणी भूमीवर पडत नाही, असे प्रभूने जेथे सांगितले तो. लूकाने याच बोधात एक हिशेब नोंदविला आहे. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या. लूकात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी वर फुकट. बाजारात जिची किंमत शून्य, तीही देवाच्या विस्मरणात जात नाही.

जबलपूरच्या त्या परसातील तीन अंड्यांची बाजारात किंमत काय होती? पण कोणीतरी त्यांची मोजणी केली होती. मला ठाऊक नसताना ती नोंद झाली होती, आणि एका तरुण शिक्षकाच्या मुखाने ती मला वाचून दाखविण्यात आली.

ते चित्र आता माझ्या अभ्यासिकेत आहे. मी ते फाडले नाही. पण आता मला त्यात वेगळेच काही दिसते. उन्हाच्या रखरखाटात एक जीव दोन्ही पंख पसरून उभा आहे. त्याला तहान लागली आहे. तो उडून जाऊ शकतो, पण जात नाही. ज्यांच्यावर त्याचे प्रेम आहे त्यांच्यावर तो सावली धरून आहे. आणि समोर एक मनुष्य बसून नुसता पाहत आहे.

बंधुभगिनींनो, हे दृश्य आपण दुसरीकडेही पाहिले आहे. यरुशलेमेसाठी शोक करताना प्रभूने स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, गुलगुथ्यावर, तो हात पसरून उभा राहिला. त्याला तहान लागली होती. त्याला खाली उतरता आले असते. लोक त्याला तेच आव्हान देत होते. खिळ्यांहून बळकट असे काही त्याला तेथे धरून होते. आणि लूक आपल्या तेविसाव्या अध्यायात लिहितो की लोक उभे राहून पाहत होते. त्यांनीही त्याला हात लावला नव्हता. ते फक्त पाहत होते. "मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही," असे मी ताईला म्हणालो होतो. त्या गर्दीतील प्रत्येक जण हेच म्हणाला असता.

म्हणून हा प्रश्न केवळ पाखरांचा नाही. आपण एकमेकांच्या दुःखाकडे कसे पाहतो, याचा तो प्रश्न आहे. इस्पितळातील खाटेजवळ उभे राहून आपण रोग्याचे छायाचित्र काढतो आणि ते प्रार्थनेसाठी म्हणून सर्वांना पाठवितो. अनाथ मुलांना रांगेत उभे करून, हातात खाऊ देऊन, आपल्या अहवालासाठी त्यांची चित्रे घेतो. अंत्यविधीच्या वेळी विधवेच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरतो. आम्ही पाळकही काही कमी नाही. घरभेटीला जातो आणि ज्या गोष्टी त्या घराने झाकून ठेवल्या आहेत त्या प्रश्न विचारून विचारून उघड्या करतो, कारण तिला आपण आस्था म्हणतो. ती माणसे उठून जात नाहीत, कारण ती जाऊ शकत नाहीत. आजार, गरिबी, लेकरे, लाज यांनी त्यांना बांधून ठेवले आहे. त्यांच्या समोरची डहाळी कापताना आपल्याला वाटते की आपण जवळ आलो. जवळ जाणे वेगळे आणि जवळीक वेगळी. जवळ आपण स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो. जवळीक समोरच्याने द्यावी लागते.

प्रभू याबाबतीत कसा वागतो ते पाहा. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात तो दाराशी उभा राहून ठोठावताना दिसतो. ज्याने अंतःकरण घडविले त्याला दार मोडण्याचा अधिकार नाही काय? तरी तो बाहेर उभा आहे. आतल्या माणसाने दार उघडावे याची तो वाट पाहतो. ज्याला सर्वांत जवळ येण्याचा हक्क आहे, तोच उंबरठ्यावर थांबतो. ख्रिस्ती मनुष्याने पाहावयाचे कसे, हे आपण त्याच्याकडून शिकावे.

आता सुट्टीवर निघालेल्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पाखराची वीण चालू असता घरट्याकडे कॅमेरा नेऊ नये. अनेक छायाचित्र-स्पर्धा आता घरट्यावरची चित्रे स्वीकारीतही नाहीत. घरटे आढळलेच तर त्याची जागा चारचौघांत जाहीर करू नये. डहाळी, गवत, पान काहीही हलवू नये. पाखराला बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये. आपल्या हद्दीत परका आला असे समजून ते हैराण होते. पाखरू ओरडू लागले, चोचीत किडा धरून घरट्याकडे न जाता आजूबाजूला घोटाळू लागले, तर समजावे की आपण त्याच्या दारात उभे आहोत. तेव्हा एक पाऊलही पुढे टाकू नये, मागे सरावे. लांब पल्ल्याचे भिंग दूर राहता यावे म्हणून असते, अधिक जवळ जाण्यासाठी नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा ताईकडे गेलो होतो. भाऊजी आता नाहीत. ताईही थकली आहे. परसातील ते झाड अजून आहे, पण त्या झाडावर त्यानंतर कोणी घरटे बांधल्याचे ताईने पाहिलेले नाही. एके दिवशी सकाळी मी जबलपूरच्या डुमना निसर्ग उद्यानात गेलो. पाण्यापासून बऱ्याच अंतरावर एका झाडाच्या सावलीत बसलो. मांडीवर कॅमेरा होता. तासभर काही दिसले नाही. मग पलीकडच्या झाडीतून एक पांढरी फीत लहरत आली. स्वर्गीय नर्तक होता. त्याने पाण्यावर सूर मारला, अंग भिजविले, फांदीवर बसून पिसे झाडली, आणि पुन्हा सूर मारला. माझ्याकडे त्याचे लक्ष नव्हते. त्याला माझ्यापासून काही झाकावयाचे नव्हते, कारण मी त्याचे काहीच मागत नव्हतो. मी एकच छायाचित्र घेतले. त्यात हिरव्या रंगावर एक पांढरा ठिपका दिसतो, एवढेच. ते कोणी सभागृहात लावणार नाही.

घरी आल्यावर मी ते ताईला दाखविले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "कोठे आहे पाखरू?" मी बोट ठेवून दाखविले. ती म्हणाली, "बरे आहे तेथेच."

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, तुझ्या नजरेतून एकही चिमणी सुटत नाही, आणि तरी तू कोणाचा आडोसा काढून घेत नाहीस. आम्ही पाहण्याच्या हव्यासाने ज्यांना दुखविले, त्या मुक्या जिवांविषयी व त्या मूक माणसांविषयी आम्हांला क्षमा कर. आम्हांला दृष्टी दे, आणि त्या दृष्टीला लाज दे. दारात थांबण्याची तुझ्या पुत्राची रीत आम्हांला शिकव. त्याच्याच पसरलेल्या हातांखाली आम्हांस राहू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.